'द बेस्ट ऑफ एव्हरीथिंग' (१९५९) : अमांडा फॅरोला खलनायिका म्हणायचं का?

सावनी_क :

१९५९ सालचा 'द बेस्ट ऑफ एव्हरीथिंग' इथे किती जणांनी पाहिलाय? फॉक्सचा, ज्याँ नेगुलेस्कोने दिग्दर्शित केलेला, सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यावरचा रंगीत मेलोड्रामा. न्यूयॉर्कमधली फेबियन नावाची प्रकाशन संस्था, तिथे सेक्रेटरी-टायपिस्ट म्हणून लागलेल्या विशीतल्या मुली, त्यांची भाड्याची जागा, त्यांचे पुरुष. मला हा सिनेमा मनापासून आवडतो, रडारडीसकट.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे, तेव्हा जपून. कॅरोलाइन (होप लँग) कॉलेज संपवून फेबियनमध्ये लागते. एडी हा तिचा होणारा नवरा परदेशी गेलाय, तो येईपर्यंत वेळ जावा एवढाच हेतू. एडी तिकडेच एका श्रीमंत मुलीशी लग्न करून मोकळा होतो. मग कॅरोलाइन कामाकडे काम म्हणून बघायला लागते, आलेली हस्तलिखितं वाचून शेरे लिहिते आणि बघता बघता संपादक होते. एप्रिल (डायन बेकर) कोलोरॅडोहून आलेली भाबडी पोर. डेक्स्टर नावाच्या पैसेवाल्या मुलावर विश्वास टाकते आणि दिवस जातात. ग्रेग (सुझी पार्कर) हिला नटी व्हायचंय. ती नाट्यदिग्दर्शक डेव्हिड सॅव्हेजच्या इतकी नादी लागते की शेवटी त्यातच जीव जातो. बार्बरा (मार्था हायर) घटस्फोटित, एका लहान मुलीची आई.

आणि या सगळ्यांच्या वर अमांडा फॅरो. जोन क्रॉफर्ड. ठेवणीतले सूट, कोरलेल्या भुवया, आणि आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक मुलीवर बारीक नजर.

या सिनेमावर जिथे जिथे वाचलं तिथे अमांडाला 'खाष्ट बॉस' म्हणून निकालात काढलंय. मला ते पटत नाही. हुशार मुलगी दिसली की ही आपली खुर्ची घेणार असं तिला वाटतं, आणि पुढे कॅरोलाइन तिची जागा घेतेच! मग तिची शंका खोटी कशी? त्याच ऑफिसात शालिमार नावाचे वयस्कर संपादक मुलींना चिमटे काढत हिंडतात, युजीन ओ'नीलशी आपली कशी ओळख होती त्याच्या गोष्टी सांगतात, आणि सिनेमा त्यांच्याकडे गमतीने बघतो. चिमटे काढणारा गमतीशीर आणि काम चोख मागणारी खलनायिका? तुम्हाला काय वाटतं?

शेखर७१ :

पाहिलाय, आणि तुमच्याशी सहमत नाही. शालिमार वाईट आहे म्हणून अमांडा चांगली ठरत नाही. नव्या मुलीला मुद्दाम कमी लेखायचं, तिने लिहिलेल्या शेऱ्यांना किंमत द्यायची नाही, संध्याकाळी जायच्या वेळी काम पुढे सरकवायचं, याला चोख काम मागणं म्हणत नाहीत. सुनेला छळणाऱ्या सासूलाही तिच्या सासूने छळलेलं असतं. म्हणून काय सुनेने समजून घ्यायचं?

केतकीचंपा :

अगं सावनी, किती दिवसांनी या सिनेमाचं नाव ऐकलं! जॉनी मॅथिसच्या आवाजातलं सुरुवातीचं गाणं आणि सकाळच्या न्यूयॉर्कमध्ये कामावर निघालेल्या मुलींचे लोंढे. नुसती ती सुरुवात बघायला मी पुन्हा लावते.

भटकातारा :

ते गाणं ऑस्करच्या नामांकनात होतं. चाल आल्फ्रेड न्यूमनची, शब्द सॅमी कानचे. त्या वर्षी पारितोषिक मिळालं 'हाय होप्स'ला आणि त्याचेही शब्द सॅमी कानचेच. म्हणजे गृहस्थ स्वतःकडूनच हरले! दुसरं नामांकन वेशभूषेला, ॲडेल पामर. ते 'बेन-हर'ने नेलं. आणि गंमत म्हणजे त्याच 'बेन-हर'मधला मेसाला, स्टीफन बॉइड, इथे फेबियनमधला संपादक माइक होऊन कॅरोलाइनच्या मागे फिरतोय.

मृण्मयी_एडिसन :

फेबियनची इमारत म्हणजे पार्क ॲव्हेन्यूवरची सीग्रॅम बिल्डिंग. आतली दृश्यं स्टुडिओतल्या सेटवरची आहेत, पण बाहेरून दिसते ती खरी सीग्रॅम. मीस व्हॅन डर रोह या वास्तुरचनाकाराची, ३८ मजली, ब्राँझ आणि काचेची. १९५८ मध्ये पुरी झाली, म्हणजे शूटिंगच्या वेळी कोरी करकरीत होती. रस्त्यापासून आत सरकवून समोर मोकळं अंगण सोडलंय. मॅनहॅटनमध्ये इतकी महागडी जागा मोकळी सोडणं तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

मी कामानिमित्त त्या भागात जाते तेव्हा त्या अंगणात जेवणाच्या सुट्टीत बसलेल्या मुली दिसतात. कॅरोलाइन पहिल्या दिवशी मान वर करून ती इमारत बघते, ते अगदी खरं आहे. न्यूयॉर्कमध्ये नवा आलेला माणूस लगेच ओळखू येतो, तो वर बघत चालतो.

टायपिस्टबाई :

सावनी, धागा काढलास हे फार बरं केलंस. मी हा सिनेमा मुलीने लावून दिला म्हणून पाहिला आणि अर्ध्यावर उठवेना.

मी सत्तरच्या दशकात फोर्टमधल्या एका ऑफिसात स्टेनो होते. चाळीसचं टायपिंग, पिटमनचं शॉर्टहँड, आणि घरात मी धरून पाच माणसं. सिनेमात टेबलांच्या रांगा दिसतात ना, अगदी तशा आमच्या होत्या. एकदम दहा-बारा मशिनं सुरू झाली की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे. कार्बन उलटा लागला तर पूर्ण पान फुकट, आणि सायबाची सही त्यावर आजच हवी. या मुलींच्या हातात पांढरे मोजे आणि आमच्या हाताला कार्बनचा काळा. बाकी सगळं तेच.

आता शेखरराव, तुमच्या सासूबद्दल. आमच्याकडे एक वरिष्ठ बाई होत्या. सगळ्याजणी त्यांना टरकून असत. हसायच्या नाहीत, रजेचा अर्ज दिला की चष्म्यावरून बघायच्या. पण नवी मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात तिला बाजूला घेऊन सांगायच्या : डिक्टेशनला केबिनमध्ये जाशील तेव्हा दार लोटायचं नाही, खुर्ची दाराजवळची घ्यायची, आणि अमुक साहेबांनी सहानंतर थांबायला सांगितलं तर आधी मला येऊन सांगायचं. का, ते सांगायच्या नाहीत. आम्हाला कळायचं.

अमांडा असं काही करताना दिसत नाही. तिला शालिमारची खोड माहीत नसेल असं होणार नाही. तिच्यावर माझा राग आहे तो इथे. कडक असण्याबद्दल नाही.

अश्विनी_ठाणे :

टायपिस्टबाई, काटा आला वाचून.

मी सिनेमा पाहिलेला नाही, पण शालिमारबद्दल कोणी तक्रार का करत नाही? आमच्या ऑफिसात निदान तक्रार समिती तरी आहे. तिच्यासमोर बोलायला किती धीर लागतो ते वेगळं.

टायपिस्टबाई :

तक्रार कोणाकडे करायची, पोरी? तक्रार ऐकणाराच तो. आपल्याकडे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा आणि कायदा २०१३ चा. त्याआधी असल्या त्रासाला ऑफिसात नावसुद्धा नव्हतं. 'साहेब जरा रंगेल आहेत' एवढंच म्हणायचे.

पाटीपेन्सिल :

अमेरिकेतही तेच. नोकरीत स्त्री-पुरुष भेद करायला बंदी घालणारा कायदा आला १९६४ मध्ये, सिनेमानंतर पाच वर्षांनी. तोवर वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिरातींचे रकानेच वेगळे असत, पुरुषांसाठी एक आणि बायकांसाठी एक. १९६४ नंतरही ते लगेच गेले नाहीत. पिट्सबर्गच्या एका वर्तमानपत्राचा खटला पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, निकाल लागला १९७३ मध्ये.

सिनेमाचं नावही अशाच जाहिरातीतलं. सेक्रेटरी हव्यात, तुम्हाला सगळं उत्तमच मिळायला हवं, उत्तम नोकरी, उत्तम पगार, उत्तम ओळखी, अशा थाटाची ती जाहिरात रोना जाफने कादंबरीच्या सुरुवातीलाच दिली आहे. जाफ स्वतः फॉसेट प्रकाशनात संपादनाचं काम करायची. स्वतःचे अनुभव आणि ओळखीपाळखीच्या बायकांना विचारून विचारून गोळा केलेले अनुभव, यांतून १९५८ ची ही कादंबरी झाली, तेव्हा ती विशीतच होती. निर्माता जेरी वॉल्डने त्याआधी 'पेटन प्लेस' केलेला होता, त्याला बायकांच्या खळबळजनक कादंबऱ्यांवरचा सिनेमा कसा चालतो ते पक्कं माहीत होतं.

कादंबरी वाचाच. ती सिनेमापेक्षा पुष्कळ धीट आहे. शेवटही वेगळा : कॅरोलाइन माइकबरोबर कुठेच जात नाही, एका प्रसिद्ध विनोदी नटाबरोबर लास व्हेगासला निघून जाते.

केतकीचंपा :

काय सांगतेस! माइक नाहीच? मला तर माइक आवडला होता. दारू पितो, पण तिच्याशी बरोबरीने बोलतो. तिने काम करावं की नाही यावर त्याची मतं चालवून घेतली नाहीत तिने, तरी.

भटकातारा :

माइक तिला आधी चक्क सांगतो की या नादाला लागू नकोस, घरी जा, लग्न कर. बरोबरीने बोलणं कसलं त्यात?

केतकीचंपा :

असं तिला तोंडावर सांगणारा तो एकटाच, भटकातारा. एडी बघ! लग्न दुसरीशी करून परत येतो आणि हिला म्हणतो आपलं प्रेम चालूच ठेवू. बायकोच्या बापाचा पैसा सोडायची तयारी नाही, आणि ही पण हवी. कॅरोलाइन त्याला नकार देते तो प्रसंग होप लँगने इतका सुंदर केलाय. आवाज चढत नाही तिचा. मेलोड्रामात अभिनेत्रीने आवाज न चढवणं ही मोठी गोष्ट आहे.

डॉ_सुमेधा :

एप्रिलच्या कथेबद्दल कोणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहिते.

सिनेमात डेक्स्टर तिला गाडीत बसवतो. ती समजते लग्नाला चाललोय, फुलंबिलं घेऊन नटून बसली आहे. वाटेत तो सांगतो की लग्नाचं काही नाही, डॉक्टरकडे चाललोय. ती चालत्या गाडीतून उडी टाकते. गर्भ जातो, ती वाचते, आणि इस्पितळातल्या तरुण डॉक्टरशी तिचं जुळतं. पहिल्यांदा पाहताना वाटलं, काय हा योगायोगांचा बाजार.

मग कारण कळलं. हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमावलीत १९५६ पर्यंत गर्भपात हा विषयच बंद होता. १९५६ ला सुधारणा झाली ती अशी : विषय सुचवता येईल, पण दाखवायचा नाही, उल्लेख आला तर निषेधाच्याच सुरात, आणि तो शब्द उच्चारायचा नाही. आता या नियमात बसून गरोदर कुमारिकेची गोष्ट सांगून दाखवा! ती बया गाडीतून उडी टाकते ती पटकथेची सोय म्हणून. कादंबरीत एप्रिलचा गर्भपात होतो. म्हणजे लेखिकेने जे घडतं ते लिहिलं, आणि पडद्यावर तिला अपघात घडवावा लागला.

न्यूयॉर्क राज्यात गर्भपात कायदेशीर झाला १९७० मध्ये. आपल्याकडे कायदा १९७१ चा, गर्भपाताचा हक्क मानणाऱ्या अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९७३ च्या निकालाच्याही आधीचा. आपल्या कायद्याचा पाया घालणारी समिती शांतिलाल शहांची, आणि ते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. असुरक्षित गर्भपातांत मरणाऱ्या बायकांचा प्रश्न त्या समितीपुढे होता. आणि अमेरिकेत १९७३ चा तो निकाल २०२२ मध्ये रद्द झाला. त्यामुळे एप्रिलची गोष्ट जुनी झाली असं मी म्हणणार नाही.

मृण्मयी_एडिसन :

डॉक्टर, इथे अमेरिकेत राहून सांगते, अजिबात जुनी झालेली नाही. माझ्या ऑफिसातल्या मुली दुसऱ्या राज्यात बदली घेण्याआधी तिथला कायदा काय आहे ते बघतात.

शेखर७१ :

डॉ. सुमेधा, नियमावलीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. ग्रेगचा मृत्यूही त्याच हिशेबातला असणार. 'वाईट' वागलेल्या मुलीला शिक्षा व्हायला हवी.

केतकीचंपा :

ग्रेगला 'वाईट' कोण म्हणतं? सॅव्हेज तिला नाटकात छोटं काम देतो, प्रेम करतो, कंटाळा आला की काम काढून घेतो, आणि पुढच्या मुलीकडे वळतो. मग ही त्याच्या घराबाहेर चोरून उभी राहते, त्याचा कचरा उपसते. शेवटी आगीच्या लोखंडी जिन्यावर टाच अडकते आणि पडते. मला ती दृश्यं बघवत नाहीत. कोणी म्हणतं सुझी पार्करला अभिनय येत नव्हता, ती मूळची मॉडेल. मला वाटतं म्हणूनच ती इथे शोभते. जिला आयुष्यभर फक्त दिसण्यावरून निवडलं आणि नाकारलं ती मुलगी अशीच भांबावेल.

पाटीपेन्सिल :

सुझी पार्कर म्हणजे साधीसुधी मॉडेल नव्हे. पन्नाशीच्या दशकातली सगळ्यांत गाजलेली. रिचर्ड ॲव्हेडनने काढलेले तिचे फोटो बघा. बाकी सहमत.

अवांतर : डेक्स्टर झालेला रॉबर्ट इव्हान्स पुढे पॅरामाउंटचा निर्मितीप्रमुख झाला, 'गॉडफादर' त्याच्याच कारकिर्दीतला.

भटकातारा :

अवांतरात माझीही भर. ऑफिसात पेप्सीचं मशीन दिसतं बघा. क्रॉफर्डचा नवरा आल्फ्रेड स्टील पेप्सीचा अध्यक्ष होता. तो एप्रिल १९५९ मध्ये अचानक गेला, ती पेप्सीच्या संचालक मंडळावर गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हा सिनेमा लागला. आमच्या घरी आता हा सिनेमा लावला की पेप्सी शोधण्याची शर्यत लागते, मुलगी दर वेळी जिंकते.

आणि 'मॅड मेन' मालिका पाहिलेल्यांना आठवत असेल, पहिल्याच सीझनमध्ये डॉन ड्रेपर रात्री अंथरुणात हीच कादंबरी वाचत असतो. बायको क्रॉफर्डचा विषय काढते आणि तिच्या वयाबद्दल हळहळते.

सावनी_क :

भटकातारा, तू पेप्सीचं सांगितलंस, पण त्यातलं दुसरं बघ. नवरा जाऊन काही आठवडे झालेत, आणि ही बाई दुय्यम भूमिका घेऊन सेटवर उभी आहे. पंचविशीत बाकीच्या सगळ्या स्टुडिओंना हेवा वाटावा अशी ती एमजीएमची तारका होती. त्या काळात तिने दुकानात, ऑफिसात राबणाऱ्या पोरींच्या कितीतरी भूमिका केल्या. तीच आता श्रेयनामावलीत शेवटी, वेगळ्या ओळीत. समोर होप लँग, डायन बेकर, सुझी पार्कर. अमांडाच्या डोळ्यांत जे दिसतं ते मला सगळंच अभिनय वाटत नाही.

आणि तिचा तो टेलिफोनचा प्रसंग! विवाहित प्रियकर फोनवर आहे, आपल्याला फक्त अमांडाची बाजू ऐकू येते. त्याला आणि त्याच्या बायकोला ती शेवटी एका वाक्यात झटकून टाकते. त्या वाक्यावर थिएटरात टाळ्या पडत असतील. पण त्याच्या आधीचं अर्धं मिनिट बघा, ती किती थांबते.

जुनाखडू :

सगळं वाचून काढलं. मी कोलकात्यात नोकरीची बरीच वर्षं काढली, त्यामुळे मला याच काळातले दोन बंगाली सिनेमे आठवतात. ऋत्विक घटकचा 'मेघे ढाका तारा' १९६० चा. फाळणीत आलेलं कुटुंब, एकट्या नीताच्या कमाईवर सगळे जगतात, आणि ती क्षयाने संपते. तो खराखुरा मेलोड्रामा, आणि घटकने ते जाणूनबुजून केलं. तीन वर्षांनी सत्यजित राय यांचा 'महानगर'. त्यातली आरती विणकामाची यंत्रं दारोदार विकते, पहिल्या पगाराच्या नोटा आरशासमोर बघते. एडिथ या अँग्लो-इंडियन सहकारी मुलीला साहेबाने अन्यायाने काढलं म्हणून आरती स्वतःची नोकरी सोडते. घरात नवरा बेकार असताना!

सावनीच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की आरती एडिथसाठी उभी राहते. फेबियनमध्ये घरी एकमेकींचे अश्रू पुसणाऱ्या या मुली ऑफिसात एकमेकींसाठी कधीच उभ्या राहत नाहीत. अमांडा नाही, कॅरोलाइनही नाही. टायपिस्टबाईंच्या त्या वरिष्ठ बाई मला या सिनेमापेक्षा 'महानगर'मधल्या वाटतात.

अश्विनी_ठाणे :

आणि आपल्याकडचं? 'घरोंदा' धरायचा का? जरीना वहाब टायपिस्ट, मुंबईत जागा मिळत नाही, आणि शेवटी लग्न होतं साहेबाशी, म्हणजे डॉ. लागूंशी.

जुनाखडू :

धरायचाच. १९७७. तिथे मुलगी नोकरी करते यावर कोणाला काही म्हणायचंच नाही. प्रश्न घराचा आहे. फेबियनच्या पोरींना तीन जणींत एक फ्लॅट तरी मिळाला, इथे लग्न ठरलेल्या दोघांना एक खोली मिळत नाही.

शेखर७१ :

मूळ मुद्द्यावर येतो, कारण मला कालपासून तो सोडत नाहीये. शेवट घ्या. अमांडा नोकरी सोडून एका विधुराशी लग्न करते, न्यूयॉर्क सोडून जाते. कॅरोलाइन तिच्या जागी येते. मग अमांडा परत येते, म्हणते माझ्यासाठी फार उशीर झाला होता. त्यानंतर कॅरोलाइन इमारतीतून खाली उतरते, माइक दिसतो, ती डोक्यावरची टोपी काढते आणि दोघं चालायला लागतात. म्हणजे सिनेमाच सांगतो ना, की अमांडासारखी होऊ नकोस? मग अमांडा इशारा झाली. खलनायिका नसेल, पण धोक्याची पाटी नक्की.

सावनी_क :

शेखर, 'धोक्याची पाटी' मान्य. पण पाटी लावली कोणी? पटकथेने. 'नोकरी ठेव किंवा घर कर, दोन्ही मिळणार नाही' हा नियम अमांडाने केलेला नाही. ती त्या नियमात इतकी वर्षं जगली, मग दुसरी बाजू आजमावून बघितली, तीही जमली नाही. नियम मोडता येत नव्हता म्हणून ती मोडली, असं मी म्हणेन. कॅरोलाइन टोपी काढते तेव्हा ती नोकरी सोडते असं सिनेमा कुठेही स्पष्ट म्हणत नाही. आपण गृहीत धरतो, कारण तेव्हाच्या प्रेक्षकाने ते गृहीत धरलं असतं.

टायपिस्टबाई :

हा नियम आमच्याकडे नुसता अलिखित नव्हता गं, कितीतरी ठिकाणी कागदावर होता. लग्न झालं की राजीनामा. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंगच्या बायकांना असा नियम होता, बॉम्बे लेबर युनियन त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेली आणि १९६५ मध्ये तो रद्द झाला. मालकाचं म्हणणं, लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. कोर्टाने ते मानलं नाही. आमच्या युनियनचे काका हा निकाल तोंडपाठ म्हणून दाखवायचे.

एअर इंडियाच्या हवाई सुंदऱ्यांची केस तर १९८१ ची. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांत लग्न केलं तर घरी, पहिलं बाळंतपण आलं की घरी. कोर्टाने गरोदरपणाची अट काढली, पण चार वर्षांची लग्नाची अट तशीच ठेवली! परराष्ट्र सेवेत तर लग्नासाठी बाईला सरकारची परवानगी लागे. त्यासाठी सी. बी. मुथम्मांना १९७९ मध्ये कोर्टात जावं लागलं.

म्हणून मला अमांडा परत येते ते आवडलं. लग्नासाठी सोडलेली नोकरी तिला परत मिळते. आमच्यातली एकही परत येऊ शकली नाही.

डॉ_सुमेधा :

टायपिस्टबाई, तुमच्या प्रतिसादांचा वेगळा लेख करा, खरंच.

अश्विनी_ठाणे :

+१. आणि त्या वरिष्ठ बाईंबद्दल अजून लिहा.

पाटीपेन्सिल :

एवढी चर्चा झाली आणि बार्बराचं नाव सावनीच्या पहिल्या पोस्टनंतर कोणी घेतलं नाही. यात आपला दोष नाही, सिनेमाच तिला मोजके प्रसंग देऊन बाजूला ठेवतो. कादंबरीत ती मला सगळ्यांत जवळची वाटली होती. तिला नोकरी हौसेसाठी नको आहे आणि नवरा मिळेपर्यंतही नको आहे, तिला मुलगी वाढवायची आहे. अमांडा आणि कॅरोलाइन यांच्यामधली जागा तिची होती. पोर घरी ठेवून रोज कामावर येणारी बाई हॉलिवूडला तेव्हा नीट दाखवता आली नाही, म्हणून सगळा भार अमांडाच्या एका टोकावर पडला असं माझं मत.

शेखर७१ :

हे मला पटलं. बार्बराला पुरेसे प्रसंग मिळाले असते तर अमांडा इतकी एकटी दिसली नसती. तरी कॅरोलाइनशी ती जशी वागली ते मी माफ करत नाही.

सावनी_क :

माफ करू नका शेखर, मीही पहिल्या अर्ध्या तासातलं माफ करत नाही. पण परत आल्यानंतरचा तिचा आणि कॅरोलाइनचा प्रसंग पुन्हा बघा. तिथे दोघी पहिल्यांदा बरोबरीने बोलतात. अमांडा हार लपवत नाही, आणि कॅरोलाइन जिंकल्यासारखी वागत नाही. जुनाखडू म्हणतात तसं या बायका ऑफिसात एकमेकींसाठी उभ्या राहत नाहीत हे खरंच, पण जे काही थोडं आहे ते त्या प्रसंगात आहे. नेगुलेस्कोने 'हाऊ टू मॅरी अ मिलियनेअर' आणि 'थ्री कॉइन्स इन द फाउंटन'मध्येही शहरातल्या तीन-तीन मुली दाखवल्या, त्यांत असा प्रसंग मला सापडला नाही.

पाटीपेन्सिल, बार्बरावर वेगळा धागा काढणार का? कादंबरी तुझ्या हाताशी आहे, आणि सिनेमात गाळलेलं तुला नेमकं सांगता येईल.

पाटीपेन्सिल :

काढते. आधी तिचे भाग पुन्हा वाचून घेते. टायपिस्टबाई, त्यात तुम्ही यायचंच.

टायपिस्टबाई :

येते. पाळणाघरं नव्हती तेव्हा आम्ही पोरं कुठे ठेवायचो ते सांगेन तिथे.